दौऱ्यावरचं धावणं आणि खाड्याची वही

पत्रलेखिका 44 वर्षांच्या आहेत, पुण्यात कोथरूडला राहतात. सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण हे त्यांचं काम. त्यासाठी महिन्यातले दहा-बारा दिवस सातारा, सोलापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत लॉजवर मुक्काम असतो. तीन वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली, तेव्हा त्यांनी वेताळ टेकडीवर चालायला सुरुवात केली. चालण्याचं धावणं कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. आज साखर गोळीशिवाय आटोक्यात आहे आणि डिसेंबरमधल्या अर्धमॅरेथॉनला त्यांनी नाव दिलंय. त्या लिहितात: "दौऱ्यावर गेले की सगळं मोडतं. अनोळखी गाव, अंधार, कुत्री, आणि लहान गावात या वयाची बाई पळताना बघून लोक काय म्हणतील? मोबाइलमधल्या वेळापत्रकात ते दिवस लाल दिसतात. परत आले की भरपाई म्हणून दुप्पट धावते. तीन आठवडे नडगी दुखतेय. त्यात सासूबाई म्हणाल्या, 'घरी असतेस तेव्हा तरी घरात अस.' नवरा म्हणतो, ट्रेडमिल घेऊ. मला वाटतं, दौरे सोडून पुण्यातच टेबलावरचं काम मागावं, पण मग बढती हातची जाईल. की धावण्याचाच नाद सोडू?"

प्रिय मैत्रिणी,

सगळ्यात आधी नडगी. हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा नुसतं पाऊल टेकतानाही दुखत असेल, तर ते स्नायू आखडण्यापेक्षा गंभीर असू शकतं. हाडाला बारीक भेग पडते तेव्हा असंच दुखतं, आणि त्यावर धावत राहिलं की काही महिने घरी बसायची पाळी येते. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तोवर फक्त चाला.

आता पत्राबद्दल. मी ते दोनदा वाचलं. तीन पानांत "खाडा" हा शब्द सहा वेळा आलाय, "भरपाई" चार वेळा. आणि मध्येच, कुठलाही संबंध नसताना, तुम्ही एक ओळ लिहिलीत: "फेब्रुवारीत टेकडीवर गिरिपुष्प फुलतं, तेव्हा वाटेवर गुलाबी सडा पडलेला असतो आणि मला वेग बघायचं भान राहत नाही." त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. ती लिहिणारी बाई आणि खाडे मोजणारी बाई एकाच पत्रात आहेत. मला पहिलीशी जास्त बोलायचंय.

तुमचा पेशा हिशेबाचा. थकलेला हप्ता पुढच्या महिन्यात व्याजासकट भरायचा असतो, हे तुम्ही रोज बघता. त्यामुळे न धावलेला दिवस तुम्हाला थकबाकी वाटतो, हे मी समजू शकते. पण शरीर अशी वही ठेवत नाही. नियमित धावणाऱ्या माणसाने चार-पाच दिवस काहीच केलं नाही, तर त्याच्या दमात फरक पडत नाही. सलग दहा-बारा दिवस बसून काढले की हळूहळू दम कमी व्हायला लागतो, आणि तेही पुन्हा सुरू केल्यावर भरून येतं. आठवड्यातले दिवस निम्म्यावर आले तरी, त्यातल्या एखाद्या दिवशी थोडं जोरात धावलं, तर कमावलेलं कित्येक आठवडे टिकतं. उलट एकाच दिवशी दुप्पट धावण्याचा बोजा हाडांना आणि स्नायूबंधांना पेलत नाही, कारण त्यांची कमाई फुप्फुसांपेक्षा कितीतरी सावकाश होते. तुमची नडगी दौऱ्यांमुळे दुखत नाहीये, दौऱ्यांच्या भरपाईमुळे दुखतेय. भरपाई आजपासून बंद. लाल दिवस लाल राहू द्या.

टेकडीबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंत, म्हणून मीच लिहिते. माझीही सकाळ अनेक वर्षं तिथेच गेली आहे. ओळखीच्या वाटेवर धावण्याचं सुख सांगून समजत नाही. कुठला दगड निसटता आहे हे पायांना पाठ झालेलं असतं, त्यामुळे डोळे मोकळे होतात. मग आधी गिरिपुष्प, पाठोपाठ काटेसावर, मग पळस, हा क्रम दिसायला लागतो. मे संपत आला की मोरांचं ओरडणं वाढतं. जूनमध्ये चार दिवसांत सगळी टेकडी हिरवी होते आणि वाट निसरडी. त्याच चढाला एके दिवशी धाप लागते आणि एके दिवशी लागत नाही, तेव्हा चढ तोच असल्यामुळे आपल्यातच काही बदललंय हे कळतं. झोप नीट झाली नव्हती, मनात काही सलत होतं, पाळी जवळ आली होती, हे सगळं ओळखीची वाट सांगते. यासाठी तरी घरचं धावणं जपायला हवं.

पण आठवून बघा, तीन वर्षांपूर्वी हीच टेकडी तुम्हाला अनोळखी होती. तिथेही पहिल्यांदा जाताना कुत्र्यांची भीती वाटली असेल, कोणी बघतंय का असं वाटलं असेल. ओळख रोज जाण्याने झाली. मग साताऱ्याला महिन्यातून तीन दिवस जाणाऱ्या बाईला सातारा अनोळखी का राहतो? कारण तुम्ही लॉज, पतसंस्था आणि जेवणाची खानावळ यापलीकडे साताऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. यात तुमचा दोष नाही, कामाचे दौरे असेच असतात. मी सुचवतेय ते एवढंच की पहाटेचा अर्धा तास त्या गावाला द्या.

"लोक काय म्हणतील" याबद्दल एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुक्कामाला होते. पहाटे साडेपाचला धीर करून शाळेच्या मैदानावर गेले, तर तिथे माझ्याआधी वीस-पंचवीस मुली हजर. पोलीस भरतीची तयारी. मुलींना मैदानी चाचणीत 800 मीटर धावावं लागतं, मुलांना 1600. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. कोणाच्या पायात बूट होते, कोणी अनवाणी, दोघीतिघी सलवार-कमीजमध्ये. एक मुलगा मोबाइलवर वेळ लावत होता. मी कडेने हळूहळू धावायला लागले, तर एक जण ओरडली, "काकू, आमच्यासंगं मारा की एक राउंड!" दोन राउंड मारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी वाट पाहिली होती.

महाराष्ट्रातल्या लहान गावांनी बाईला धावताना पाहिलेलं नाही, हा आपला शहरातला समज आता खरा उरलेला नाही. ज्या सातारा जिल्ह्यात तुम्ही दौऱ्याला जाता, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबर यांचं गाव. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत 1984 च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय स्त्री, आणि ती दुष्काळी माणदेशातली. तिकडच्या गावांना धावणारी मुलगी नवी नाही. चाळिशीतली बाई थोडी नवी असेल, म्हणून दोन दिवस बघतील. तिसऱ्या दिवशी चहावाला विचारेल, "आज उशीर झाला?"

मात्र सुरक्षेची काळजी ही वेगळी गोष्ट आहे. ती मी उडवून लावणार नाही, तुम्हीही लावू नका. अनोळखी गावात अंधारात, निर्मनुष्य रस्त्यावर एकटीने धावायचं नाही. मी पाळते ते सांगते. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, उद्याची वाट चालून बघायची. लॉजच्या व्यवस्थापकापेक्षा रात्रपाळीच्या वॉचमनला विचारायचं: सकाळी लोक फिरायला कुठे जातात? त्याला नेमकं ठाऊक असतं, आणि आपण किती वाजता निघालो हेही त्याच्या लक्षात राहतं. जिल्ह्याच्या गावी क्रीडा संकुल असतं, तालुक्याला शाळा-कॉलेजचं मैदान, बहुतेक ठिकाणी एखादा तलाव. सोलापुरात सिद्धेश्वर तलाव आणि त्याला लागून भुईकोट किल्ला आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने सकाळी कितीतरी लोक चढतात. यवतेश्वरचा घाट मोहात पाडेल, कारण साताऱ्याची प्रसिद्ध डोंगरी अर्धमॅरेथॉन तिथूनच जाते. पण त्या घाटात एकटीने जाऊ नका, तिथले धावपटू रविवारी गटाने जातात, त्यांच्याबरोबर जा. मोबाइलवरचं ठिकाण घरी कोणाला तरी दिसत राहील असं ठेवा आणि 112 हा क्रमांक पटकन लावता येईल असा. रस्त्यावर उजव्या कडेने धावा, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते. कानात काही घालू नका.

कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड आहे. थांबायचं, डोळ्यांत न बघता, पाठ न फिरवता सावकाश चालत त्यांच्या हद्दीबाहेर पडायचं. दात लागला किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. "एवढंसं तर लागलंय" म्हणून घरी परतेपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं.

अंतर मोजू नका, वेळ मोजा. पंधरा मिनिटं जायचं, पंधरा मिनिटं यायचं. वाट चुकण्याचा प्रश्न येत नाही आणि लॉजवर परतून आंघोळ करून नऊला पतसंस्थेत हजर होता येतं. जाताना प्रत्येक वळणावर एकदा मागे वळून बघा, कारण परतताना गाव उलटं दिसतं आणि आपण तिथेच फसतो. चार दिवसांच्या दौऱ्यात असं दोनदा झालं तरी पुष्कळ. त्यातल्या एका दिवशी मधली आठ-दहा मिनिटं जरा दम लागेल असं धावा, नडगी बरी झाल्यावर. रात्रभर एसटीत बसून आला असाल तर त्या सकाळी फक्त चाला, पाय सुजलेले असतात. रविवारचं लांबचं धावणं घरच्या आठवड्यांसाठी राखा. तुमच्या सोळा आठवड्यांच्या वेळापत्रकात दौऱ्याचे आठवडे आधीच हलके म्हणून लिहून टाका, म्हणजे ते लाल होणारच नाहीत. (ज्या वाचकांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी नव्या ठिकाणी धावण्याआधी डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात साखर ठेवावी. उपाशीपोटी, अनोळखी रस्त्यावर साखर उतरली तर मदत मिळायला वेळ लागतो.)

हवामानाचं मात्र ऐका. मी हे नागपुरात शिकले. मे महिन्यात तिथे कामाला गेले होते, पुण्याच्या सवयीने सहाला फुटाळा तलावावर पोहोचले, आणि विसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली. नागपूर पुण्याच्या इतकं पूर्वेला आहे की सूर्य तिथे वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, सहाला ऊन चांगलं वर आलेलं असतं. एका अनोळखी आजोबांनी मला कट्ट्यावर बसवलं आणि बाटलीतलं ताक दिलं. सोलापूरच्या उन्हाळ्यातही असंच जपा. रत्नागिरीत उलट त्रास: हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पुण्यातला सोपा वेगही जड जातो. नव्या हवेला शरीर सरावायला दीड-दोन आठवडे लागतात, तुमचा दौरा चार दिवसांचा. म्हणजे तिथे हळू धावणं हेच बरोबर धावणं. पावसात बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळपर्यंत बरेच वाळतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. प्रवासातलं धावणं हे घरच्या धावण्याची गरीब बहीण नाही, त्याचं सुख निराळं आहे. पहाटे गाव अजून तोंड धूत असतं. एसटी स्टँडवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत असतात, मंडईत हारवाल्यांच्या टोपल्या उतरत असतात, कुठेतरी सडा घालून रांगोळीला सुरुवात झालेली असते. आणि गावाचा उतार पायांना कळतो. गाडीतून तो कधीच कळत नाही. जवळजवळ प्रत्येक जुनं गाव आपल्या नदीकडे किंवा तळ्याकडे उतरतं. दोन सकाळी धावलात की पाणी कुठल्या बाजूला आहे हे तुम्ही न विचारता सांगू शकाल. कोल्हापुरात रंकाळ्यावर मी पहिल्यांदा धावले, तेव्हा एका काकांनी थांबवून विचारलं, "कुठनं आलाय ताई?" पुणे म्हटल्यावर कुठल्या बाजूला शेवाळ आहे आणि परतताना गरम दूध कुठे मिळेल, हे दोन्ही त्यांनी सांगितलं. त्यानंतर कोल्हापूरला मी कधी नुसत्या कामासाठी गेले नाही.

आणखी एक. चार दिवस रत्नागिरीच्या लाल जांभ्यावरून धावून आल्यावर टेकडीचा काळा बसाल्ट मला जास्त काळा दिसला होता, आणि पुण्याची कोरडी हवा छातीत अलगद शिरली होती. इतकी वर्षं तिथे धावून मला ते जाणवलं नव्हतं. रोजच्या वाटेची खरी गोडी अशा दूरच्या सकाळी वाढवतात.

सासूबाईंच्या वाक्याकडे वळू. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मला त्यात "धावू नकोस" ऐकू आलं नाही, "अस" ऐकू आलं. तुम्ही पाच दिवसांनी रात्री घरी येता आणि दुसऱ्याच पहाटे भरपाईसाठी दोन तास टेकडीवर जाता. परतता तेव्हा घर नाश्ता उरकून पांगलेलं असतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. भरपाई थांबली की हा प्रश्न अर्धा सुटेल. परतल्यानंतरची पहिली सकाळ घराची ठेवा: धावायचंच असेल तर अर्धा तास, आणि सासूबाईंच्या पहिल्या चहाला घरात. त्यांना सोलापूरच्या तळ्याबद्दल सांगा. ज्या गोष्टीसाठी सून घराबाहेर जाते, तिच्यातलं काहीतरी घरात आलं, की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. माझ्या घरी बदलली. वेळ लागला.

ट्रेडमिलबद्दल थोडक्यात. मुसळधार पावसात, किंवा ज्यांना लहान मुलांना सोडून बाहेर पडता येत नाही अशांना, ती चांगली सोय आहे आणि अशा वाचकांनी ती जरूर घ्यावी. पण तुमची अडचण दौऱ्यावरची आहे, आणि घरातली ट्रेडमिल सोलापूरला येत नाही. यजमानांनी काळजीपोटी सुचवलंय, तेव्हा त्यांना नाही म्हणताना रविवारच्या लांबच्या धावण्याला सोबत मागा, सायकलवरून का होईना.

दौरे सोडण्याचा निर्णय मात्र इतक्यात घेऊ नका. दौऱ्याचा कामाचा ताण, प्रवास, घरापासून लांब राहणं नको झालं असेल, तर पुण्यात काम मागणं अगदी रास्त आहे आणि त्यासाठी धावण्याचं कारण पुढे करायची गरज नाही. पण केवळ लाल दिवस टाळण्यासाठी बढती सोडू नका. पुढचे तीन दौरे मी सांगितलं तसे करून बघा आणि मग ठरवा. स्पर्धेचं डॉक्टरांवर सोडा. यंदा 21 किलोमीटर नको म्हणाले तर पुढच्या वर्षी, अर्धमॅरेथॉन दर हिवाळ्यात असतात.

रत्नागिरीचा पुढचा दौरा कधी आहे ते लिहिलं नाहीत. तारीख तुमच्या हातात असेल तर कालनिर्णय उघडा आणि पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. म्हणजे अष्टमीच्या पहाटे पाणी पार वर आलेलं असतं आणि धावायला फक्त मऊ, पाय ओढणारी वाळू उरते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराकडे जाते, त्यामुळे पहाटे सहाच्या आसपास ओहोटी असते आणि भाट्याच्या किनाऱ्यावर ओली, घट्ट, रुंद वाळू उघडी पडते. फिरायला आलेली माणसं दिसतील इतपत उजेड झाल्यावर उतरा. किनारा समुद्राकडे कलता असतो, एकच पाय सतत खाली पडू नये म्हणून जितकं जाल तितकंच त्याच रेषेतून परत या. आणि नडगी तोवर बरी झाली नसेल तर बूट हातात घ्या आणि चाला.